स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढत आहे : दोष थायरॉइडचा की शस्त्रक्रियेचा?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

सप्रेम नमस्कार.

माझे वय ४४ वर्षे असून उंची १५७ सेंटिमीटर आहे. जानेवारी २०२१ मध्ये माझी स्लीव्ह (वजन घटवण्यासाठी जठर लहान करण्याची) शस्त्रक्रिया झाली, तेव्हा माझे वजन १०८ किलो होते. पुढच्या दीड वर्षात ते ६९ किलोपर्यंत उतरले आणि बराच काळ तिथेच टिकले. त्यानंतर मात्र ते हळूहळू वर सरकू लागले आणि आज काटा ८३ दाखवतो.

थायरॉइडचा त्रास मला शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधीपासून आहे. ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली असल्यामुळे तो हाशिमोटो प्रकारचा, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे ग्रंथी मंदावणारा, असल्याचे तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितले होते. शस्त्रक्रियेपूर्वी मी १२५ मायक्रोग्रॅमची गोळी घेत असे. वजन उतरत गेले तसा डोसही कमी होत ७५ वर आला आणि त्या डोसवर टीएसएच (थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक) २.३ होता. २०२४ मध्ये तो ९.८ आल्यामुळे डोस १०० करण्यात आला. त्याच सुमारास केस फार गळू लागले, म्हणून मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या. दोन-अडीच महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी केली, तेव्हा टीएसएच एकदम ०.३ आणि फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) मर्यादेच्या वर निघाला. डोस जास्त होतो आहे असे समजून तो पुन्हा ७५ करण्यात आला. आता ताज्या तपासणीत टीएसएच १३.२ आहे आणि फ्री टी-४ खालच्या मर्यादेला टेकला आहे. बायोटिनची डबी मध्यंतरी संपली, ती पुन्हा आणली नाही.

रोजचा क्रम असा आहे : सकाळी सहाला उठल्यावर थायरॉइडची आणि ॲसिडिटीची अशा दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेते, मग डबे भरता भरता दहा-पंधरा मिनिटांत चहा होतो. न्याहारीबरोबर कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन घेते, लोहाची गोळी रात्री घेते. जेवण खरोखरच थोडे आहे. दीड फुलका आणि वाटीभर भाजी झाली की पोट भरते. बँकेत बसून काम असल्यामुळे हालचाल कमी होते. थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा आणि सकाळी चेहऱ्यावर सूज हे सगळे आहे.

घरात मात्र "एवढे लाख घालवून पुन्हा तिथेच" हे वाक्य चहाबरोबर ऐकावे लागते. ज्या केंद्रात शस्त्रक्रिया झाली, तिथे पोटाची पिशवी पुन्हा ताणली गेली असावी असे सांगून, कोणतीही तपासणी न करता दुसऱ्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक हातात देण्यात आले. हे १४ किलो थायरॉइडमुळे वाढले आहेत का? डोस भरपूर वाढवला तर वजन उतरेल का? आणि दुसरी शस्त्रक्रिया करून घ्यावी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : शमी (पुणे)

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा डॉक्टर आहे. आपल्याला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य होणार नाही, परंतु आपण इतका नेटका तपशील दिला आहे की त्यातल्या तीन गोष्टींवर बोट ठेवता येते.

पहिली गोष्ट आपल्या सकाळच्या क्रमाची. थायरॉइडची गोळी विरघळण्यासाठी जठरातले आम्ल लागते आणि ती शोषली जाते ती मुख्यतः लहान आतड्यात. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकला जातो, म्हणजे आम्ल तयार करणाऱ्या पेशीही बऱ्याच कमी होतात. त्यात ॲसिडिटीची गोळी उरलेले आम्लही दाबते. त्यानंतर दहा मिनिटांत दुधाचा चहा पोटात गेला की गोळीचा आणखी काही भाग वाया जातो. आतडे स्लीव्हमध्ये जसेच्या तसे राहते, त्यामुळे शस्त्रक्रियेनेच शोषण बंद पाडले असे म्हणता येणार नाही. उलट बहुतेक रुग्णांचा डोस वजन उतरल्यावर घटतो, आणि आपला तसा घटलाही होता. म्हणून डोस वाढवण्याआधी घेतलेला डोस रक्तात पोहोचतो आहे का, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्य तर तासभर, चहासुद्धा घेऊ नये. कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. बहुतेक मल्टिव्हिटॅमिनमध्ये ही दोन्ही खनिजे असतात, म्हणून त्यांनाही हाच नियम लागू होतो. आपली न्याहारी साडेआठच्या सुमारास होत असेल, तर हे अंतर आज पाळले जात नाही.

ॲसिडिटीची गोळी मात्र मनाने बंद करू नये. स्लीव्हनंतर आम्ल वर येण्याचा त्रास अनेकांना होतो आणि आपल्याला ती कशासाठी दिली गेली आहे हे मला ठाऊक नाही. ती अजून लागते का, एवढेच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट मला सर्वांत लक्षणीय वाटली. टीएसएच ०.३ आणि फ्री टी-४ वाढलेला हा अहवाल बायोटिन चालू असताना आला आहे. अनेक प्रयोगशाळांतील यंत्रे या तपासण्यांसाठी बायोटिनवर आधारलेली रासायनिक जोडणी वापरतात. रक्तात बायोटिन भरपूर असले की टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसतो. म्हणजे कागदावर थायरॉइड अतिसक्रिय दिसते आणि शरीरात मात्र ते मंदच असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये बायोटिनमुळे तपासण्यांत होणाऱ्या अशा गफलतीबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्या बाबतीत तसेच घडले असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण ९.८ वरून ०.३ आणि तिथून १३.२ ही उडी २५ मायक्रोग्रॅमच्या फरकाने सहसा पडत नाही. त्या अहवालावर विसंबून डोस कमी झाला असेल, तर गेल्या काही महिन्यांत आपले शरीर बहुधा अपुऱ्या औषधावर चालले आहे. पुढील तपासणीपूर्वी बायोटिन असलेली कोणतीही गोळी किमान दोन दिवस, आणि मोठा डोस असेल तर त्याहून अधिक दिवस, बंद असावी. केसांच्या बहुतेक गोळ्यांत आणि काही मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असते, म्हणून डबीवरचा बारीक मजकूर वाचावा. रक्त त्याच प्रयोगशाळेत, साधारण त्याच वेळी आणि त्या दिवशीची थायरॉइडची गोळी घेण्यापूर्वी द्यावे.

तिसरी गोष्ट कदाचित आपल्याला आवडणार नाही. थायरॉइड मंदावल्यामुळे वाढणारे वजन बहुतेक रुग्णांत अडीच ते साडेचार किलोंच्या आसपास असते आणि त्यातला मोठा भाग चरबी नसून शरीरात साठलेले मीठ आणि पाणी असते. आपल्या चेहऱ्यावरची सकाळची सूज त्याचेच लक्षण असू शकते. म्हणजे टीएसएच जागेवर आल्यावर काही किलो उतरतील, थकवा आणि बद्धकोष्ठता कमी होईल, पण चौदाच्या चौदा किलो उतरतील अशी आशा धरल्यास पदरी निराशा येईल. उरलेल्या वजनाचे कारण वेगळे शोधावे लागेल.

डोस भरपूर वाढवण्याबद्दल स्पष्टच सांगतो : वजन उतरवण्यासाठी थायरॉइडचे औषध वापरू नये, असा इशारा या औषधाच्या माहितीपत्रकातच असतो. गरजेपेक्षा अधिक डोसने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, स्नायू झिजतात आणि हाडे ठिसूळ होतात. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाडांची घनता आधीच कमी होत असते, शिवाय आपण रजोनिवृत्तीच्या वयाकडे निघाला आहात. अशा वेळी हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

प्रतिसाद २ : रानजाई (सोलापूर)

गोदाकाठताई, माझी वजन घटवण्यासाठीची बायपास शस्त्रक्रिया झाली आहे आणि थायरॉइडची गोळीही चालू आहे, म्हणून फक्त वेळापत्रकापुरते लिहिते. सकाळी डबे, मुलांची शाळा आणि पाणी भरणे या गडबडीत तासभर चहाशिवाय राहणे मला जमेना. शेवटी डॉक्टरांच्या संमतीने मी थायरॉइडची गोळी रात्री झोपताना घेऊ लागले. अट एकच, की शेवटचे खाणे होऊन किमान तीन तास झालेले असावेत, आणि रात्री दूध प्यायचे नाही. लोहाची गोळी मी दुपारी बाराच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर घेते. कॅल्शियम एकदम न घेता दुपारच्या जेवणाबरोबर एक आणि संध्याकाळी पाचला एक असे विभागते. कॅल्शियम आणि लोह एकमेकांच्याही आड येतात, म्हणून त्या दोघांतही दोन तास सोडते. आपण लोह रात्री घेत आहात. थायरॉइडची गोळी रात्रीकडे नेली, तर लोहाला तिथून हलवावे लागेल, एवढे विसरू नका.

आणखी एक. आपले कॅल्शियम सायट्रेट आहे की कार्बोनेट, हे पाकिटावर पाहा. कार्बोनेट शोषले जायला आम्ल लागते, म्हणून आपल्यासारख्यांना सायट्रेट देतात. औषधाच्या दुकानात "दोन्ही सारखेच" म्हणून स्वस्तातले हातावर ठेवतात, तेव्हा ते परत करायला लाजू नये.

प्रतिसाद ३ : तुळशीवृंदावन (सातारा)

एवढ्या गोळ्यांपेक्षा रात्री चमचाभर धणे भिजवून सकाळी ते पाणी उकळून प्यावे, थायरॉइड मुळापासून जाते. कोबी, फ्लॉवर आणि साधे मीठ पूर्ण बंद करावे. माझ्या जाऊबाईंना याचा चांगला गुण आला आहे.

प्रतिसाद ४ : कोकमसरबत (ठाणे)

मी आहारतज्ज्ञ आहे आणि अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबरोबर अनेक वर्षे काम करते. आधी वरच्या प्रतिसादाबद्दल दोन वाक्ये. धण्याचे पाणी कोणाला आवडत असेल तर त्यांनी ते अवश्य प्यावे, पण हाशिमोटोमध्ये ग्रंथी शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होत असते आणि ती धण्याने परत येत नाही. गोळी बंद करून ते पिणे धोक्याचे आहे. शिजवलेला कोबी किंवा फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने काही बिघडत नाही, आणि आयोडीनयुक्त मीठ बंद करण्याचे तर कारणच नाही.

आता मूळ प्रश्न. डॉक्टरांनी जे उरलेले किलो म्हटले, त्यांचा शोध बहुतेक वेळा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत लागतो. ताईंनी जेवण थोडे आहे असे लिहिले आहे आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. स्लीव्हनंतर भाकरी आणि उसळ जास्त खाताच येत नाही. पण निमुळती झालेली ती पिशवी घट्ट अन्नाला अडवते, पातळ आणि तोंडात विरघळणाऱ्या अन्नाला अडवत नाही. चहात बुडवलेली खारी, मूठमूठ चिवडा, श्रीखंड, आईस्क्रीम, लस्सी आणि फळांचे रस हे सगळे सहज खाली उतरते, पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. बँकेत दिवसातून किती वेळा चहा येतो, त्यात साखर किती असते आणि त्याच्याबरोबर बशीत काय असते, हे आठवडाभर खाल्ल्या खाल्ल्या वहीत लिहून पाहावे. रात्री आठवून लिहिलेल्या वहीचा मला फारसा उपयोग होत नाही, कारण उभ्या उभ्या तोंडात टाकलेले कोणालाच आठवत नाही. उपवासांचेही लिहावे, साबुदाण्याच्या खिचडीची छोटी वाटीसुद्धा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आणि तेल असते.

दीड फुलका आणि वाटीभर भाजी या जेवणात मला खरी उणीव दिसते ती प्रथिनांची. अशा शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात; भाजी-पोळीच्या जेवणातून हा आकडा गाठणे जवळजवळ अशक्य आहे. ताटात आधी उसळ, अंडी, मासे, चिकन किंवा पनीर संपवावे, नंतर भाजी आणि जागा उरली तरच फुलका, असा क्रम ठेवावा. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. केस गळण्याचे उत्तरही मला बायोटिनच्या डबीपेक्षा इथेच दिसते : प्रथिने कमी, लोह कमी आणि थायरॉइड मंद असताना केस गळणारच, म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे.

एक विनंती मात्र आवर्जून करते. हे वाचून "म्हणजे चूक माझ्याच जिभेची" असे ताईंनी मनाला लावून घेऊ नये. वजन खूप उतरल्यावर शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत भागवायला शिकते आणि भूक वाढवणारे संकेत पाठवत राहते. पहिल्या दोन वर्षांनंतर थोडे वजन परत येणे अगदी सर्रास आढळते. कमी झालेल्या ३९ किलोंपैकी २५ किलो आजही कमीच आहेत, आणि "पुन्हा तिथेच" म्हणणाऱ्या घरच्यांना ही साधी वजाबाकी करून दाखवायला हरकत नाही.

प्रतिसाद ५ : गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून कपाटातला डबा काढून पाहिला. कॅल्शियम कार्बोनेटच निघाले, आणि रोजच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि कॅल्शियम दोन्ही आहेत. शिवाय थोडे बायोटिनही आहे. चहाबद्दल म्हणाल तर बँकेत तीन वेळा येतो, तिन्ही वेळा साखरेचा, आणि चार वाजताच्या चहाबरोबर खारी असतेच.

दोन शंका उरल्या. मल्टिव्हिटॅमिनमधल्या थोड्या बायोटिननेही तपासणी बिघडते का? आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दल, तसेच हल्ली ज्यांची फार चर्चा आहे त्या वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांबद्दल, कोणीच काही लिहिलेले नाही. थायरॉइड असलेल्यांनी ती इंजेक्शने घेऊ नयेत असे माझ्या वाचनात आले होते.

प्रतिसाद ६ : शमी (पुणे)

मल्टिव्हिटॅमिनमध्ये बायोटिन सहसा मायक्रोग्रॅममध्ये असते, केसांच्या गोळ्यांत मिलिग्रॅममध्ये, म्हणजे शेकडोपटींचा फरक पडतो. तेवढ्याने अहवाल उलटापालटा होण्याची शक्यता कमी आहे. तरीही दोन दिवस गोळी थांबवून रक्त दिल्यास शंकेला जागा राहत नाही.

इंजेक्शनांबद्दल आपण वाचले त्यात अर्धे तथ्य आहे. सेमाग्लूटाइड आणि टिर्झेपाटाइड या औषधांबाबतचा थायरॉइडचा इशारा मेड्युलरी या विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाविषयी आहे आणि तो उंदरांवरील निरीक्षणांतून आला आहे. स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला तो कर्करोग असेल, किंवा त्याच्याशी निगडित असलेला आनुवंशिक विकार असेल, तर ही औषधे देत नाहीत. हाशिमोटोमुळे मंदावलेले थायरॉइड हे ती नाकारण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर परत वाढलेल्या वजनासाठी ती वापरलीही जातात. मात्र त्यांनी भूक आणखी घटते, म्हणजे आधीच कमी पडणारी प्रथिने आणखी कमी पडतात. पोट उशिरा रिकामे होते, त्यामुळे थायरॉइडच्या गोळीचे शोषणही बदलू शकते आणि टीएसएच पुन्हा तपासावा लागतो. खर्च मोठा आहे आणि औषध थांबवल्यावर वजन परत येण्याची प्रवृत्ती असते, हेही आधीच लक्षात घ्यावे.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक तूर्त बाजूला ठेवावे. पिशवी ताणली गेली आहे का हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी दुर्बिणीने आतून पाहावे लागते किंवा पातळ औषध पाजून क्ष-किरणांखाली जठराचा आकार तपासावा लागतो. ही तपासणी न करता शस्त्रक्रियेचे अंदाजपत्रक देणाऱ्या केंद्राऐवजी दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घेणे आपल्या हिताचे आहे. दुर्बीण घालायचीच असेल, तर त्याच वेळी जठराच्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगावे. हाशिमोटो असलेल्या काही रुग्णांत जठराच्या अस्तरालाही तसाच विकार असतो, आणि तो किंवा एच. पायलोरी जंतूचा संसर्ग असेल तर आम्ल घटून गोळी शोषली जात नाही आणि बी-१२ व लोह दोन्ही उतरतात.

क्रम असा ठेवावा असे मी सुचवेन : आजपासून गोळीची वेळ सुधारावी, कॅल्शियम बदलून घ्यावे, आणि १३.२ हा आकडा घेऊन या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांकडे जावे, कारण आहे त्या डोसवर थांबायचे की तो लगेच वाढवायचा, हे नाडी आणि हृदयाची स्थिती पाहूनच ठरवता येईल. बायोटिनच्या काळातला अहवालही त्यांना मुद्दाम दाखवावा. थायरॉइडच्या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे कोणताही बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासण्यात अर्थ नसतो. गुडघ्यासाठी, दम्यासाठी किंवा त्वचेसाठी मध्यंतरी स्टिरॉइड घेतले असेल, किंवा झोपेसाठी अथवा नैराश्यासाठी एखादे औषध चालू असेल, तर तेही त्यांना सांगावे. वजन वाढवणारी औषधे या यादीत बरीच आहेत आणि आपल्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही.

प्रतिसाद ७ : गोदाकाठ (नाशिक)

स्टिरॉइड घेतलेले नाही. मात्र गेल्या वर्षापासून रात्री झोपेसाठी मिर्टाझापिनची अर्धी गोळी चालू आहे. तिचा वजनाशी संबंध असेल हे मला कोणी सांगितले नव्हते.

प्रतिसाद ८ : शमी (पुणे)

संबंध आहे, त्या औषधाने भूक आणि वजन दोन्ही वाढतात, आणि आपल्या वजनवाढीतला काही भाग त्याच काळातला आहे. ती गोळी एकाएकी बंद करू नये. ज्यांनी ती दिली त्यांना वजनाचा आलेख तारखांसह दाखवून पर्याय विचारावा.